आधी वरवंटा

जनाबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा वरवंटा धुतला. एकदा राखेनं, एकदा रिठ्यानं आणि आता चिंच लावून. पण नाकाशी नेला की लसूण येतोच. परवा जयसिंगरावांना चटणी खावीशी वाटली, आणि याच वरवंट्याला आज बारशात पहिला मान आहे हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. बाळाच्या आधी तो पाळण्यात निजायचा, टोपडं-झबलं घालून, बाळाला दगडासारखं दणकट आयुष्य लाभो म्हणून.

“अहो, हुंगा जरा.” त्यांनी तो नवऱ्याच्या नाकाशी धरला.

जयसिंगराव इंगळे होळकरांच्या रिसाल्यातले. संस्थान जाऊन पाच वर्षं झाली होती, त्याचं मध्यभारत झालं होतं, घोडे गेले, रिसाला गेला. मिशा मात्र अजून विलीन झाल्या नव्हत्या. त्यांनी वरवंटा गंभीरपणे हुंगला.

“झकास आहे. भाकरी आण.”

“तुमचं काही गंभीर असतं का हो? चार बाया जमतील, पाळण्यात लसणाचा वास यायचा. म्हणतील, इंगळ्यांनी नातीला फोडणी घातली.”

अंगणात स्वयंपाकाचा महाराज बाफल्यांसाठी, कणकेचे उकडलेले गोळे भाजायला, गोवऱ्या पेटवत होता. जयसिंगरावांना दाल-बाफले हवे होते, जनाबाईंना आमरस-पुरी. तीन दिवस वाद चालला आणि शेवटी दोन्ही करायचं ठरलं, कारण भांडण मिटवायची या घरात ती एकच रीत होती. मे महिन्याचं ऊन, त्यात गोवऱ्यांचा धूर, त्यात आंब्यांवरच्या माश्या. पण नात बारा दिवसांची झाली होती, कडाडून रडत होती, दुधासाठी घर डोक्यावर घेत होती, आणि तिचा तो आवाज आला की सगळ्यांचे हात अजून भरभर चालायचे.

वरवंटा उन्हात ठेवून जनाबाई आतल्या खोलीत गेल्या आणि ट्रंक उघडली. तळाशी, कडुनिंबाच्या पाल्यात, हिरव्या माहेश्वरीचं झबलं आणि टोपडं होतं. स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा पदर कापून त्यांनी ते शिवलं होतं, दीड वर्षापूर्वी. ते अंगात घालायला बाळ जिवंत आलंच नव्हतं.

तेव्हा प्रेमलताला, त्यांच्या सुनेला, सातव्या महिन्यात गोवर आली. डोहाळजेवणानंतर बारा दिवसांनी अंग फणफणलं, पुरळ उठलं आणि ताप उतरायच्या आत पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोवरचा ताप बाळाला सोसला नाही. उदयसिंह, तिचा नवरा, तेव्हा ग्वाल्हेरला होता, कारण हिवाळ्यात सरकार तिकडे जायचं, सरकारमागून फायली जायच्या आणि फायलींमागून कारकून. तार मिळून तो पोचला तिसऱ्या दिवशी. जयसिंगरावांनी एकट्यानं पोरीला फडक्यात गुंडाळून नेलं. आईला मुलगी दाखवलीसुद्धा नाही. दाखवू नये म्हणतात.

नाव तेवढं ठरलेलं होतं. रोहिणी. प्रेमलतानंच ठरवलेलं, पोटावर हात ठेवून हाक मारायची ती.

झबलं-टोपडं घेऊन जनाबाई बाळंतिणीच्या खोलीत आल्या. “हे बघ, किती छान राहिलंय. जरा मोठं होईल, पण चालेल. आज हेच घालू. आणि नाव तर ठरलेलंच आहे आपलं. रोहिणी.” त्यांनी बाळाच्या हनुवटीला बोट लावलं. “मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं. तीच परत आली. मध्ये जरा रस्ता चुकली होती, बस्स.”

प्रेमलता झबल्याकडे बघत राहिली. “आईसाहेब, नाव... बघू ना.”

“आता काय बघायचं? अच्छा, तुला पुऱ्या पाठवते गरम,” म्हणत जनाबाई निघूनही गेल्या. तीच परत आली असं एकदा मानलं की काही गेलंच नाही असं होतं. जनाबाईंना तसं मानायची फार गरज होती.

प्रेमलताचे कान फडक्यानं बांधलेले होते, खाटेखाली शेगडीत शेपा-ओव्याची धुरी होती आणि बाहेर मे महिना. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं नव्हे. उदयसिंह पाळण्याच्या कड्या घेऊन आत आला तेव्हा तिनं त्याला दारातच धरलं.

“अहो, ही रोहिणी नाही.”

“मतलब?”

“ती ती होती. ही ही आहे. पोटात दोघी वेगळ्या होत्या, मला विचारा ना. ती संध्याकाळी हलायची, ही भल्या पहाटे लाथा मारायची. पाहायला आलेली प्रत्येक बाई म्हणते, पहिली बेटी धनाची पेटी. मी गप्प बसते. पण नावपण हिला देऊन टाकलं तर तिचं काय राहिलं? तिला मी बघितलंसुद्धा नाही. तिच्याजवळ एक नावच आहे.”

उदयसिंहानं कड्या या हातातून त्या हातात घेतल्या. तो वाईट नवरा नव्हता. फक्त दोन साहेबांच्या मध्ये अडकलेल्या कारकुनासारखा चेहरा त्याला घरीही करता येत असे.

“मी आईशी बोलतो.”

“कधी?”

“संधी बघून.”

“बारसं दुपारी आहे.”

“म्हणजे दुपारच्या आधी संधी बघून,” तो म्हणाला. प्रेमलताला रडता रडता हसू आलं, आणि तिच्या हसण्यावर विसंबून तो पळाला.

*

महूची गाडी दहाला इंदुरात आली, तरी बेबी बारा वाजेपर्यंत माहेरी पोचली नव्हती. ती टांग्यात होती. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, होळकरांच्या त्या समाध्या, दिसल्या, पूल आला, आता पलीकडे वळलं की घर, आणि तिथंच ती म्हणायची, “भिया, वापस लो.”

टांगेवाल्यानं दोनदा टांगा वळवला. तिसऱ्यांदा त्यानं लगाम मांडीवर टाकले. “बाईसाब, तीसरी बार है. घोड़ा भी पूछ रिया है के जाना किधर है.”

बेबी जयसिंगरावांची मोठी लेक, उदयसिंहाची थोरली बहीण. बाळाची एकुलती एक आत्या. बारशात बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान तिचा, आणि त्याबद्दल पाठीत धपाटे खायचा मानही तिचाच. दीड वर्षात ती माहेरी आली नव्हती. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. बाळंतविडा पाठवला, डिंकाचे लाडू पाठवले, स्वतः नाही. दर वेळी काहीतरी सबब. घरच्यांना वाटायचं, जावईबापूंची नोकरी कडक आहे.

खरं असं होतं, की त्या डोहाळजेवणाला ती आपल्या लेकीला, कमलला, घेऊन आली होती. पोरगी शिंकत होती, डोळे लाल होते. बेबीनं म्हटलं, सर्दी आहे. तिनं तिला प्रेमलताच्या मांडीवर दिलं, कारण भरल्या ओटीशी लेकरू बसवतात, शुभ असतं. महूला परत गेल्यावर दोन दिवसांनी कमलच्या अंगावर गोवर फुलली. आणि पुढचं सगळं तिला पत्रानं कळलं.

पर्समध्ये एक पोस्टकार्ड होतं. अक्षर प्रेमलताचं. ‘वन्सं, आत्याशिवाय बारसं होत नाही. तुम्ही आला नाहीत तर मुलगी बिननावाची राहील.’ एवढंच. त्या दोन ओळी बेबीनं इतक्यांदा वाचल्या होत्या की कार्ड घडीवर फाटायला आलं होतं. आणि तरीही हा पूल तिच्यानं ओलांडवत नव्हता.

शेजारी कमल पेढ्यांचा डबा धरून बसली होती. आता ती सात वर्षांची होती, समोरचे दोन दात नव्हते.

“आई, आपण माझ्यामुळे जात नाही ना?”

“काय?”

“माझ्यामुळे मामीचं बाळ मेलं ना. तू बाबांना सांगत होती. मी झोपली नव्हती.”

दीड वर्ष बेबी जे एकटीनं वाहते आहे असं समजत होती, त्यातलं अर्धं ही पोर वाहत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. तिनं कमलला जवळ ओढलं तेव्हा डब्याचा कोपरा दोघींच्या मध्ये टोचला.

“तुझ्यामुळे नाही गं. बिलकुल नाही.”

“मग चल ना,” कमल म्हणाली. “बाफल्याचा वास येऊन राहिलाय.”

“भिया,” बेबीनं डोळे पुसले, “सीधे लो. अब मैं कितना भी बोलूँ, वापस मत लेना.”

“ये हुई ना बात,” टांगेवाला म्हणाला आणि घोडासुद्धा खुशीत निघाला.

*

बेबी आली ती थेट बाळंतिणीच्या खोलीत गेली. आईला नमस्कार नाही, आबांना नमस्कार नाही. खाटेपाशी उभी राहिली आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरली.

“प्रेमा, मला माफ कर. कमलला मी आणलं. शिंकत होती तरी आणलं. तुझ्या मांडीवर मी दिलं.”

प्रेमलतानं बाळ छातीशी धरलं होतं. खोटं बोलायचं नाही हे तिनं कार्ड टाकलं त्याच दिवशी ठरवलं होतं.

“वन्सं, मी तुमचा राग केला. वर्षभर केला. तुमचे लाडू आले की मी एकही खात नव्हते, सगळे शेजारी वाटायचे. मग गेल्या पावसाळ्यात पुन्हा दिवस राहिले आणि मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, सगळं सांगून विचारलं. त्या म्हणाल्या, पुरळ दिसायच्या आधीच गोवर दुसऱ्याला लागते. आईलासुद्धा कळत नाही. मला लहानपणी आली नव्हती, म्हणून मला लागली. त्यात कुणाचा हात नाही.” ती थांबली. “तरी राग लगेच गेला नाही, बरं का. हळूहळू गेला. आणि मांडीवर तर कमलला मीच मागून घेतलं होतं. तुम्ही म्हणत होता नको, रडवी झालीय. आठवतं?”

“तू नाही मागितलं. मी बसवलं.” आवाज दारातून आला. जनाबाई पुऱ्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या. “बाया म्हणत होत्या, मुलगा बसवा, मुलगा बसवा. मी म्हटलं, माझी नात काय कमी आहे? मीच उचललं कमलला आणि मीच बसवलं. दीड वर्षं देवापुढे उभी राहिले की हेच डोळ्यांसमोर येतं.”

“आई, मी दिलं तिला!”

“अगं, मी घेतलं तुझ्या हातून!”

“मी मागितलं म्हणून ना!” प्रेमलता म्हणाली.

गोडाधोडासाठी घरात ओढाताण होते, दागिन्यांसाठी होते. पण दोष आपल्याकडे ओढून घ्यायला तीन बायका अशा तावातावानं भांडताना त्या घरानं प्रथमच पाहिल्या. मग तिघींनाही एकदमच ते कळलं. आधी बेबीला हसू फुटलं, मग रडू, मग जनाबाईंनी ताटली खिडकीत ठेवली आणि लेकीला मिठी मारली.

कमल अजून उंबऱ्याबाहेरच होती.

“ये ना,” प्रेमलतानं मांडीवर थाप मारली.

“नको. मला परत काही आलं असलं तर?”

“गोवर एकदाच येते. तुला येऊन गेली, मला येऊन गेली. आता आपण दोघी एकदम पक्क्या. ये, मांडी घालून बस. हात असे कर.”

कमलनं हात केले. प्रेमलतानं बारा दिवसांचं ते गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. कमल श्वास रोखून बसली. बाळानं एक जांभई दिली, तोंड वाकडं केलं आणि तिच्या नव्या परकरावर मुतलं.

“झालं!” बेबी म्हणाली. “आता हिशेब साफ!”

सगळ्या इतक्या हसल्या की बाहेर महाराजानं मान वर करून बघितलं. प्रेमलताला वाटलं, आता सांगावं. आत्ताच. सगळ्यांची मनं अशी मऊ झालेली आहेत तोवर.

पण जनाबाई तिच्याआधी बोलल्या. “बेबी, आता तूच कानात सांग. रोहिणी. आपली गेलेली आपल्याकडेच आली.”

“हो आई,” बेबीचा चेहरा असा उजळला की बघवत नव्हता. “तीच आली. मी तिला घालवली, मीच तिला नाव देते. रोहिणी!” आणि तिनं बाळाच्या पायाचा मुका घेतला.

मायलेकी एकमेकींचा हात धरून पाळणा सजवायला गेल्या. दीड वर्षानं दोघींच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि उतरवून त्यांनी तो कुठं ठेवला ते त्यांना कळलंही नव्हतं. प्रेमलता एकटीच खाटेवर राहिली. आता नाही म्हणायचं म्हणजे दोघींचं सुख हिसकावून घ्यायचं. आणि हो म्हणायचं म्हणजे पहिलीला कायमचं पुसून टाकायचं.

*

तीन वाजता बायका जमल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी, परातीत घुगऱ्या. पुरुष मंडळी ओसरीवर. तिथं जयसिंगराव आलेल्या प्रत्येकाला बाफले पचायला ताक किती घ्यावं हे सांगत होते. उदयसिंह दारापाशी होता. सकाळपासून तो आईशी बोलायची संधी बघत होता आणि संधी दिसली की ओळख न दाखवता पुढे जात होता.

“पहिली बेटी धनाची पेटी!” कुणीतरी बाळाला बघून म्हणालं. प्रेमलतानं मान खाली घातली.

जनाबाईंनी वरवंटा आणला. त्याला फडकं गुंडाळलं होतं, हळदकुंकू लावलं होतं, आणि लसणाचा वास मारायला त्यावर निम्मी अत्तरदाणी रिकामी केली होती. हिरवं झबलं-टोपडं त्यांनी बाळासाठी बाजूला काढून ठेवलं.

पाळण्याच्या एका बाजूला बेबी, दुसऱ्या बाजूला प्रेमलता. बेबीनं वरवंटा पाळण्याखालून दिला. “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!”

प्रेमलतानं तो घेतला. तो आता वरून परत द्यायचा होता. तिनं दिला नाही.

वरवंटा जड होता. गार होता. त्या फडक्यात गुंडाळलेला, न रडणारा, न हलणारा. तिच्या हातांनी एकदम काहीतरी ओळखलं, आणि तिनं तो छातीशी लावला. बायकांना वाटलं, बाळंतीण आहे, थकली असेल.

“दे गं, वरून दे,” जनाबाई म्हणाल्या.

“आईसाहेब, एक मिनिट.” तिचा आवाज बारीक पण स्वच्छ होता. “आधी हिचं नाव ठेवू या. हिचं नाव रोहिणी.”

बायकांनी माना पुढे काढून तिच्या हातांकडे पाहिलं.

“अगं प्रेमा, तो वरवंटा आहे,” बेबी हळूच म्हणाली.

“माहीत आहे मला. वेड लागलेलं नाही. पण आधी हा निजतो ना पाळण्यात? बाळाच्या आधी? माझी रोहिणीपण बाळाच्या आधीची आहे. ती परत आलेली नाही, वन्सं. ती आली होती आणि गेली. ही नवीन आहे. हिला नवीन नाव द्या. कोणतंही द्या, मी हूँ की चूँ करणार नाही. पण ते नाव तिचं आहे.”

जनाबाईंचा चेहरा पडला. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. “बारशाच्या दिवशी असं बोलू नये गं. तिचं बारसंच झालं नव्हतं. नाव कुणी दिलंच नव्हतं तिला. मग नाव मोकळंच आहे ना?”

दारात उदयसिंहानं घसा खाकरला. संधी नव्हतीच, पण तो बोलला. “आई, प्रेमा बरोबर बोलते.” एवढं बोलून त्याला घाम फुटला. प्रेमलतानं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढची दहा वर्षं त्याला तेवढं पुरलं असतं.

आणि त्याच्यामागून जयसिंगराव आत आले. पाळण्यापाशी बायकांत पुरुष येत नसत. ते आले आणि कुणाकडेच न बघता बोलले, मिशांच्या आडून.

“नाव मोकळं नाही. मी दिलंय.”

“तुम्ही?” जनाबाई म्हणाल्या.

“त्या दिवशी. एकटाच होतो. नदीकाठी बसलो तिला घेऊन. म्हटलं, इंगळ्यांची पोर, बिननावाची कशी पाठवायची? आत्या नव्हती, मग मीच कानात कुर्र केलं आणि सांगितलं, रोहिणी.” त्यांनी प्रेमलताकडे पाहिलं. “पोरी, तुला दाखवली नाही, ही आमची चूक. मी सांगतो. केस पुष्कळ होते, काळे. नाक माझ्या आईचं. उजव्या हाताची मूठ घट्ट. एवढीशी होती, पण देखणी होती.”

प्रेमलता वरवंटा कवटाळून रडू लागली, मोठ्यानं, अगदी मोकळं. दीड वर्ष तिला जे कुणी सांगितलं नव्हतं ते आज मिळालं होतं. मुलीला चेहरा आला होता. तिचं रडणं ऐकून बाळानंही सूर लावला, आणि दोघींत वरचढ कोण ते काही क्षण कळेना.

जनाबाई उठल्या. त्यांनी बाजूला ठेवलेलं हिरवं झबलं उचललं. सुनेच्या हातातून वरवंटा घेतला, त्याचं फडकं काढलं आणि ते माहेश्वरीचं झबलं त्याला घातलं, टोपडं चढवलं, बंद बांधले. नीट बांधले, बाळाचे बांधतात तसे, आतून बोट घालून, घट्ट होऊ नयेत म्हणून.

“हे तिच्यासाठीच शिवलं होतं,” त्या म्हणाल्या. “तिचं तिलाच. बेबी, बघत काय बसलीस? आत्या ना तू? कर कुर्र.”

बेबीनं वाकून त्या दगडाच्या टोपड्यापाशी तोंड नेलं. “कुर्र... रोहिणी.” मग तिनं वरवंटा पाळण्यात उशाशी ठेवला आणि बाळाला उचललं. बाळ वरून गेलं, खालून आलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. बेबी त्याच्या कानाशी बराच वेळ राहिली. टांग्यात तीन फेऱ्या मारताना तिला एकच गोष्ट सुचली होती, की इकडून तिकडे जाणं किती अवघड असतं.

“कुर्र... रेवा!” ती म्हणाली. “नर्मदामाईसारखी. मधे कितीही खडक आले तरी ही पुढंच जाईल.”

“रेवा!” बायका ओरडल्या आणि बेबीच्या पाठीत धपाटे बसू लागले. प्रेमलतानं सगळ्यांत जोरात घातला.

“अगं, बाळंतीण आहेस की पहिलवान!”

“वर्षभराचा आहे, वन्सं.”

कमल मात्र पाळण्यापाशी कपाळाला आठ्या घालून उभी होती. “लेकिन आजोबांनी पण कुर्र केलं होतं ना? त्यांना धपाटे कोणी घातले?”

बायकांनी जयसिंगरावांकडे पाहिलं.

“कोणीच नाही,” जयसिंगराव म्हणाले. “मी एकटाच होतो ना, पोरी.”

आणि रिसाल्यातला तो उंचापुरा माणूस, ज्यानं राजापुढेसुद्धा नाइलाजानंच मान लववली असेल, सात वर्षांच्या नातीपुढे गुडघ्यांवर हात ठेवून ओणवा झाला. कमलनं दोन्ही हातांनी दणादण धपाटे घातले. एक, दोन, तीन. त्यांच्या खांद्यांना हिसके बसत होते, ते धपाट्यांनी की कशानं, हे मिशांमुळे दिसलं नाही.

“लागलं, आजोबा?”

“बरं वाटलं,” ते म्हणाले. “अजून दोन घाल.”

त्याच गडबडीत शेजारच्या लक्ष्मीबाई धापा टाकत आल्या; त्यांना उशीर झाला होता, आणि उशिरा येणारा माणूस जरा जास्तच मोठ्यानं बोलतो. “झालं का बारसं? अरे वा, जनाबाई! पहिली बेटी धनाची पेटी!”

जनाबाई वाटीत घुगऱ्या भरत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, तिथं उशाशी हिरवं टोपडं आणि कुशीत बाळाची लाल कुंची शेजारी शेजारी निजली होती.

“दुसरी, लक्ष्मीबाई,” त्या म्हणाल्या आणि वाटी पुढे केली. “पहिली रोहिणी. ही तिची धाकटी.”